मामंजींच्या नाकातली नळी

माझे सासरे अकरा वर्षं माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो, रीत होती. मुळशीच्या आमच्या भागात सून सासऱ्यासमोर यायची ती नाकापर्यंत पदर ओढून. मुकाट्यानं काम करायचं आणि मुकाट्यानं निघून जायचं. मामंजींना काही सांगायचं असलं तर ते आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगायचे, "सूनबाईला सांगा, भाकरी करपलीया." मी तिथंच चुलीपुढं बसलेली. मग आत्याबाई माझ्याकडं मान वळवायच्या आणि सांगायच्या, "भाकरी करपलीया म्हनत्यात." मी जशी काही बहिरीच. मला काही विचारायचं असलं तर दाराआड उभं राहून बांगड्या वाजवायच्या, म्हणजे आत्याबाई उठून यायच्या. त्यामुळे मामंजींना मी ओळखायचे ते त्यांच्या पायांवरून, वहाणांच्या करकरीवरून आणि खोकल्यावरून. चेहरा कसा होता म्हणाल तर मिशा मोठ्या होत्या, एवढंच मला सांगता आलं असतं.

तो चेहरा मी पहिल्यांदा धड पाहिला तेव्हा त्याच्या नाकात लाल रबरी नळी होती.

ही गोष्ट साठ सालाच्या जरा आधीची. चैत्रात गावची जत्रा झाली, बोकड पडले, मामंजी जेवले. ते कसे जेवायचे ते सांगत बसत नाही. वाढणारीचा हात दुखायचा, एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं ओसरीवरची माणसं गप व्हायची, तो एवढा दांडगा माणूस गुडघे पोटाशी घेऊन कण्हायला लागला. मग उलट्या. मग पोट फुगायला लागलं. परसाकडं नाही, वारा नाही, खालचा सगळा कारभार बंद.

आमच्या गावात तेव्हा आजाऱ्यांपेक्षा औषध सांगणारे जास्त. आळीतली एक म्हातारी आली, तिनं पोट चाचपलं आणि निकाल दिला, "बेंबी सरकलीया." बेंबी जागेवर आणायला तिनं पोटावर कणकेचा दिवा पेटवून ठेवला आणि वर तांब्या पालथा घातला. तांब्या असा चिकटला की ओढून काढायला दोघं लागले. बेंबी होती तिथंच राहिली, तिच्याभोवती लाल कडं मात्र उठलं. मग कुणीतरी एरंडेल पाजलं. तुंबलेल्या पोटात एरंडेल! ते आलं तसं परत गेलं, थेट भिंतीपर्यंत. चुलीपुढं बसून मी मनात म्हटलं, दुखण्यानं नाही तरी औषधानं हे लोक म्हाताऱ्याला मारणार. पण सुनेला विचारतंय कोण?

तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं ताठलं आणि उलटीला शेणाचा वास यायला लागला, तेव्हा कुठं सगळ्यांची अक्कल ठिकाणावर आली. बैलगाडीत पेंढा घालून मामंजींना पौडला नेलं. लष्करातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांनी तिथं पत्र्याच्या खोलीत दवाखाना मांडला होता. दोन खाटा, एक टेबल, एक स्टोव्ह. माणूस हुशार होता, पण जिभेला हाड नव्हतं. त्यांनी मामंजींचा सदरा वर केला आणि ते लाल कडं बघून थबकले.

"हे कुणाचं काम?"

"बेंबी सरकली व्हती," आत्याबाई म्हणाल्या.

"मग, आली का परत?"

आत्याबाईंनी तोंड फिरवलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, कानाला नळ्या लावून बराच वेळ ऐकलं आणि पोटावरच्या एका जुन्या व्रणावर बोट ठेवलं. तरुणपणी मामंजींना बैलानं शिंग मारलं होतं आणि पुण्याला नेऊन पोट शिवावं लागलं होतं. त्या शिवणीपाशीच आतडं आतून चिकटलंय आणि मुरगळलंय, असं डॉक्टर म्हणाले.

"म्हंजी मटनानं न्हाई झालं?" आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"मटण बिचारं निर्दोष आहे," डॉक्टर म्हणाले. "भाताच्या खाचरात पाणी तुंबलं तर काय करता तुम्ही?"

"बांध फुटायच्या आत वरच्या अंगानं पानी काढून देतो."

"तेच करायचंय. नाकातून नळी पोटात सोडायची आणि तुंबलेलं सगळं वरून ओढून काढायचं. आतड्यावरचा ताण गेला की कधीकधी मुरगळ आपली आपण सुटते. नाही सुटली तर पुण्याला नेऊन पोट उघडायचं. पण या वयात, या अवस्थेत, दुसऱ्यांदा पोट उघडलं तर माणूस टेबलावरून उठेल की नाही, मी सांगू शकत नाही." मग त्यांनी आम्हां सगळ्यांना बजावलं, "दोन दिवस वाट बघू. एकच खूण लक्षात ठेवा. वारा सरला, की वाट मोकळी झाली. मग पुणं नाही, सुरी नाही."

झालं! ज्या पाटलाचा शब्द गावात कुणी मोडत नव्हतं, त्याचा जीव आता एका वाऱ्यावर टांगला होता.

नळी घालताना मामंजींनी डॉक्टरांचा हात दोनदा झिडकारला. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी लष्करी आवाजात "गिळा!" असा हुकूम सोडला आणि मामंजींनी घाबरून गिळलं. नळी पक्की करायला ओठावर चिकटपट्टी लावायची होती, म्हणून डॉक्टरांनी मिशीची एक बाजू कापायला कात्री उचलली. एवढा मरणाच्या दारातला माणूस, पण ताडकन उठून बसला. "मिशीला हात लावायचा न्हाई." शेवटी पट्टी कपाळावर चिकटवली, जिथं ते रोज गंध लावायचे तिथं.

मग डॉक्टरांनी नळीच्या टोकाला काचेची जाड पिचकारी लावली आणि दांडा मागं ओढला. काय आलं म्हणून सांगू! आधी हिरवं, मग पिवळं, मग शेणकाल्यासारखं. पिचकारी भरायची, बादलीत ओतायची, परत लावायची. खोलीत उभं राहवेना. पण मामंजींचं पोट डोळ्यांदेखत सैल पडलं, कळ थांबली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचे डोळे मिटले. ती नळी मला तेव्हा देवासारखी वाटली. त्या घाणीसकट, खरंच सांगते.

आता नळीचं टोक खाटेखालच्या बाटलीत सोडायचं, दर तासाला पिचकारीनं ओढायचं, किती निघालं ते वहीत लिहायचं आणि वारा सरला तर तेही लिहायचं. हे करणार कोण? डॉक्टरांना गावोगाव फिरायचं होतं. आत्याबाईंना घड्याळ कळत नव्हतं. आमच्या ह्यांनी बाटली निम्मी भरेपर्यंत दम धरला, मग मटकन खाली बसले आणि बैलांना पाणी दाखवतो म्हणून जे गेले ते तासाभरानं आले. मी माहेरी, माणच्या शाळेत चौथी पास झालेली. डॉक्टरांनी स्वतःचं मनगटी घड्याळ माझ्या हातात दिलं.

"थेंबभर पाणीसुद्धा तोंडानं द्यायचं नाही. ओठ ओले करायचे, बस. पाणी मी शिरेतून देतोय."

म्हणजे बघा, अकरा वर्षं ज्याच्यासमोर मी नाक दाखवलं नाही, त्याच्या नाकातल्या नळीचं दुसरं टोक आता माझ्या हातात. तरी रीत सुटली नाही. मी पदराआडून पिचकारी ओढायची आणि मामंजी छताकडं बघत आत्याबाईंना म्हणायचे, "सूनबाईला सांगा, हळू वड." आत्याबाई सांगायच्या, "हळू वड म्हनत्यात." आत्याबाई बाहेर गेल्या की ते खांबाशी बोलायचे, "घसा सुकलाय. हितं कुनाला दया हाय का न्हाई?" मी बांगड्या वाजवून 'नाही' कळवायची.

आणि मग गाव लोटलं. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही आणि आणलेला घास त्याच्या तोंडात गेल्याशिवाय कुणी उठत नाही. कुणी शिरा आणला, कुणी पेज, एकीनं तर जत्रेतलं उरलेलं वाळकं मटण आणलं, "त्वांडाला चव येईल" म्हणून. मी सगळ्यांना दारातच अडवलं. आजवर कुणासमोर आवाज न चढवलेली मी, कंबरेला पदर खोचून दारात उभी. बायका बाहेर जाऊन कुजबुजायला लागल्या आणि कुजबूज अशी की मला शब्दन् शब्द ऐकू यावा.

"माणची हाय ना ती. उपाशी मारतीया म्हाताऱ्याला."

म्हातारा गेला असता तर नळीचं नाव कुणी घेतलं नसतं, बैलाच्या शिंगाचं घेतलं नसतं. सुनेनं पाण्यावाचून मारला, एवढंच उरलं असतं. जन्मभर पाणवठ्यावर तेच ऐकावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन आले आणि पिचकारी ओढली, तर काचेत गुळाचा चहा. आलं घातलेला. वासही जायचा बाकी होता. आत्याबाई कोपऱ्यात पितळी पदराखाली घेऊन बसलेल्या. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली आणि माझ्यावर असे कडाडले की बाहेर बैल बिथरले. "तुमच्यावर विश्वास टाकला बाई मी! यांना मारायचंय का तुम्हाला?" मी मान खाली घातली. सासूचं नाव सांगायचं नसतं, हीसुद्धा रीतच. आत्याबाई समोरच्या भिंतीकडं बघत होत्या आणि मामंजी झोपले होते, म्हणजे झोपल्याचं दाखवत होते. त्या दोघांचा मला असा संताप आला की वाटलं, घड्याळ टेबलावर ठेवावं आणि चालत माणला जावं.

पण डॉक्टर गेल्यावर आत्याबाई माझ्याकडं न बघता पुटपुटल्या, "चाळीस वर्सं वाडलं मी त्यास्नी. आता पान्यासाटी हात जोडत्यात, तर मी काय बघत बसू?" मी घड्याळ हातातच ठेवलं आणि पिचकारी धुवायला घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई नदीवर धुणं घेऊन गेल्या होत्या. मी घड्याळ बघून पिचकारी हातात घेतली आणि तेवढ्यात आवाज झाला. नवं मांजरपाट फाडावं तसा. शंकेला जागाच नव्हती.

आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो. माझा पदर मागं सरकला होता आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आमची नजरानजर झाली. मामंजींनी झटकन डोळे मिटले आणि घोरायलाच लागले. मी भिंतीकडं तोंड करून पत्र्याचे खिळे मोजायला लागले. मनात म्हणत होते, देवा, सुटला रे बाबा! वाचला म्हातारा! पण वही पुढं ओढली आणि पेन्सिल उचलली, तर हात पुढं जाईना. डॉक्टर ती वही सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे, परेडवर हजेरी घेतल्यासारखी. ज्या सासऱ्याचं नाव मी उखाण्यातसुद्धा घेतलं नव्हतं, त्याचं हे लिहू? आणि भावकीसमोर ते वाचलं जाणार? म्हटलं, ते स्वतःच सांगतील डॉक्टरांना. जिवाचा प्रश्न आहे, सांगतील की. पेन्सिल खाली ठेवली. मी शहाणी म्हणवून घेणारी, गावाला हसणारी, मीसुद्धा त्यातलीच.

दुपारी डॉक्टर आले तेव्हा खोलीत गावची पाचसहा माणसं जमली होती. डॉक्टरांनी विचारलं, "काय पाटील, वारा सरला का?"

मामंजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग छताकडं. "न्हाई."

"काय तरीच काय इचारताय चार मान्सांत," आत्याबाई फणकारल्या. "तसलं काय बी न्हाई झालं."

डॉक्टरांनी वही पाहिली. तिथंही काही नव्हतं. पोट बरंच उतरलं होतं, पण बाटली कालच्याइतकीच भरत होती. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "लढाईवर असताना 'अजून थोडं बघू' म्हणत मी एक तरणा जवान हातचा घालवलाय. आता नाही. आजच पुण्याला न्या."

रस्त्यावरून कोळशाचा ट्रक चालला होता, तो त्यांनी थांबवला. पोती बाजूला सारून जागा केली. मामंजींना खाटेसकट उचललं तेव्हा आत्याबाईंनी जो हंबरडा फोडला, तो अजून माझ्या कानांत आहे. आमचे हे लहान पोरासारखे रडत होते. मामंजी मात्र गंभीर आवाजात निरवानिरव करायला लागले. "पवळ्या बैल इकू नका. वरलं खाचर आदी लावा. तुज्या आईला सांबाळ." नाकात नळी, कपाळावर पट्टी, मिशा दोन्हीकडं शाबूत, आणि माणूस मरायला निघालेला. कशासाठी? तर सुनेसमोर वारा सरला हे कबूल करायचं नाही म्हणून!

माझं डोकं फिरलं. त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा आला. ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. मी पदर मागं टाकला आणि खाटेपुढं जाऊन उभी राहिले.

"मामंजी," मी म्हटलं. अकरा वर्षांतला माझा पहिला शब्द. "सकाळी तुम्हाला वारा सरलाय. मी ऐकलाय."

भावकीतल्या माणसांनी माना खाली घातल्या. आमच्या ह्यांचं रडणं मध्येच थांबलं. आत्याबाई ओरडल्या, "जीब झडंल तुजी! सासऱ्यावर असला आळ घेतीस?"

डॉक्टर एकदम पुढं आले. "पाटील, खरं सांगा. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. बाई खोटं बोलतेय का?"

मामंजी माझ्याकडं बघत राहिले. खांबाकडं नाही, आत्याबाईंकडं नाही, माझ्याकडं.

"एकदा न्हाई," ते मला म्हणाले. "दोनदा. दुसऱ्या येळंला तू भाईर गेली व्हतीस."

डॉक्टरांनी तिथंच रस्त्यावर कपाळाला हात लावला. खाट परत आत आणली, त्यांनी पुन्हा कानाला नळ्या लावून पोट ऐकलं आणि विचारलं, "मग ही बाटली का भरतेय?" तेव्हा आत्याबाईंना रडू आवरेना आणि त्या रडण्यातून बाहेर आलं खडीसाखरेचं पाणी. चहा रंगानं पकडला गेला, म्हणून त्या बिनरंगाचं पाजत होत्या, मी दाराकडं गेले की घोट घोट. वरून जाईल तेवढं खाली बाटलीत उतरत होतं आणि मी ते इमानानं मोजून वहीत लिहीत होते. ट्रक कोळसा घेऊन पुण्याला गेला. मी दवाखान्याच्या मागं जाऊन आधी पोट धरून हसले आणि मग ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी परसाकडं झालं, नळी निघाली, मामंजींनी पेज घेतली. बैलगाडी गावात शिरली तशी वाटेवरची माणसं उठून उभी राहिली. आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर मामंजी ओसरीवरून म्हणाले, "सूनबाईला सांगा, च्या टाक." आत्याबाई आत आल्या. "च्या टाक म्हनत्यात." एवढं सगळं होऊन परत तेच! मी आधण ठेवलं ते आपटूनच.

मामंजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले आणि ही हकीकत ओसरीवर हजारदा सांगितली. श्रेय वाटायला ते सढळ होते. ग्रामदैवताला दिलं, आळीतल्या म्हातारीच्या तांब्याला दिलं, आत्याबाईंच्या खडीसाखरेला दिलं, उरलं ते डॉक्टरांच्या नळीला. मी दाराआड बसून तांदूळ निवडायची आणि दात चावायची. एकदा मुळशीपलीकडून आलेला एक पाहुणा भोळेपणानं विचारून बसला, "पर पाटील, वाट मोकळी झाली ह्ये डाक्तरला कळलं कसं?"

मामंजी खाकरले. माझा सुपातला हात थांबला.

"आमच्या सूनबाईचं कान लई तिकट हायती," ते म्हणाले. जरा थांबून, दाराकडं तोंड करून, मला ऐकू जाईल अशा बेतानं पुढं म्हणाले, "तिच्या कानामुळं हाय मी आज."

त्या घरात मी चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या, भात लावला, चार बाळंतपणं काढली. त्यातल्या कशाबद्दल मला कुणी बरा शब्द बोललं नाही. माझं कौतुक झालं ते त्या एकाच दिवशी आणि तेही म्हाताऱ्याच्या पादण्यावरून. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी मामंजींच्या चहात दूध जास्त घातलं.